साक्याचं बटण

वाचकाचं पत्र (जागेअभावी थोडं आटोपतं घेऊन):

ताई, सा. न.
मी देवगड तालुक्यातला, वय २६. इंजिनिअरिंग झाल्यावर दोन वर्षं पुण्यात नोकरी केली आणि घरी परतलो. बाबांची हापूसची दोनशे कलमं आहेत. मी आणि माझ्या मित्राने मिळून एक ॲप केलं. फळाचा फोटो काढायचा, ॲप डाग दाखवतं आणि आकारावरून प्रतवारी करतं. हे बऱ्यापैकी चालतं. मग शहरात स्टार्टअप संस्थापकांच्या दहा आठवड्यांच्या प्रशिक्षणात आम्हाला जागा मिळाली. तिथले मेंटर म्हणाले, डाग कोणालाही दिसतो, फळाच्या आतला साका ओळखून दाखवा, मग पैसे येतील. आम्ही साक्याचं बटण टाकलं. खरं सांगतो, ते बटण दाबलं की पलीकडे माझा मित्र लॅपटॉपवर फोटो बघून अंदाजाने 'आहे' किंवा 'नाही' टाइप करतो. मेंटरना हे ठाऊक आहे. ते म्हणतात, सुरुवातीला सगळेच असं करतात, पैसे आले की खरं बनवा. सादरीकरणात '१,२०० बागायतदार जोडले' आणि '९० टक्के अचूक' असं लिहिलंय. खरे वापरणारे ४३ आहेत. मे महिन्यात गुंतवणूकदारांसमोर डेमो आहे. बाबांना दाखवलं तर ते एवढंच म्हणाले, "आतला जर भायरसून दिसता, तर मग कापतंस कित्याक?" तेव्हापासून झोप नाही. मी कोकणी भिडस्त म्हणून मागे पडतोय, की खरंच काही चुकतंय? सोडून देऊ का हे सगळं?
– गोंधळलेला, देवगड

प्रिय गोंधळलेल्या,

बाबांचं वाक्य वाचलं आणि पत्र खाली ठेवून चहा टाकला. मी बावीस वर्षं मुंबई-पुण्यात सॉफ्टवेअर तपासायचं काम केलं. बगचे रिपोर्ट लिहिले, वाचले, त्यांच्यावरून भांडले. पण एका वाक्यात इतका नेमका रिपोर्ट देणारा माणूस मला तेवढ्या वर्षांत भेटला नाही. बाबांना माझा नमस्कार सांग.

सदराचे सगळे वाचक आंबेवाले नाहीत, म्हणून आधी थोडं त्यांच्यासाठी. साका म्हणजे हापूसच्या पोटातलं दुखणं. बाहेरून फळ देखणं, रंग धरलेला, वास घरभर. आणि सुरी घातली की बाठ्याजवळचा गर पांढरट, स्पंजासारखा, आंबट. फळ झाडावर जास्त तयार होऊ दिलं, खालची जमीन तापली, की प्रमाण वाढतं. म्हणून जाणते बागायतदार चौदा आणे तयार झालं की फळ उतरवतात आणि झाडाखाली पालापाचोळा पसरून ठेवतात. शास्त्रज्ञांनीही याच्याशी बरीच झटापट केली आहे. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने नीलम आणि हापूसच्या संकरातून 'रत्ना' जात काढली, तिच्यात साका होत नाही. पण दादरचं गिऱ्हाईक पैसे मोजतं ते हापूस या नावाला, त्यामुळे साका आपल्या मानगुटीवर आहे तो आहेच. आतलं बघायचं तर सालीच्या आत पोचणारं काहीतरी लागतं, क्ष-किरण वगैरे. मोबाइलचा फोटो सालीवरच थांबतो. तुझ्या मेंटरनी तुला नेमकं तेच करून दाखवायला सांगितलं जे कॅमेऱ्याला करता येत नाही, कारण विकलं तेच जाणार होतं.

आता 'सुरुवातीला सगळेच असं करतात' याकडे वळू. हे अर्धं खरं आहे, म्हणूनच खोडून काढायला अवघड. यंत्र तयार नसताना मागे माणूस बसवून लोक ते कसं वापरतात हे बघणं ही शिकण्याची जुनी आणि चांगली रीत आहे. मीही केलं आहे. आपल्याकडे दशावतारात तरी दुसरं काय चालतं? रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा. द्रौपदी झालेला माणूस शेजारच्या गावात शेती करतो हे आपल्याला ठाऊक असतं, तरी वस्त्रहरणाला डोळे पुसतोच. त्यात कोणी फसत नाही, कारण मांडवातल्या शेवटच्या माणसालाही हे सोंग आहे हे माहीत असतं. तू त्या ४३ जणांना सांगितलं असतंस की, 'साक्याचं उत्तर सध्या आमचा मित्र फोटो बघून देतोय, आम्ही शिकतोय, यावर भाव ठरवू नका,' तर ते सोंग झालं असतं. तू सांगितलं नाहीस आणि मे महिन्यातही सांगणार नाहीस. म्हणजे ज्यांच्या खिशातून पैसे जाणार, नेमक्या त्यांनाच हे सोंग आहे याचा पत्ता नाही.

मेंटरना ठाऊक आहे हा काही तुझा आधार नव्हे. देवापुढे गाऱ्हाणं घालणारा एक असतो, बाकीचे मागून 'व्हय म्हाराजा' म्हणतात. बोललेला नवस फेडायची वेळ आली की मागचे आपापल्या घरी असतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत 'नेट' नावाच्या खरेदीच्या ॲपच्या संस्थापकावर सरकारी वकिलांनी फसवणुकीचा आरोप ठेवला. आमचं ॲप कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालतं असं सांगून त्याने चार कोटी डॉलरहून जास्त पैसे उभे केले आणि प्रत्यक्षात खरेदीची कामं फिलिपीन्समधली माणसं हाताने करत होती, असं आरोपपत्र म्हणतं. तिथेही लॅपटॉपपाशी तुझ्या मित्रासारखेच कोणीतरी बसले असणार.

थेरानोस या अमेरिकन कंपनीची गोष्ट तुम्हाला प्रशिक्षणात सांगितली असेलच. हल्ली ती सगळीकडे सांगतात, मुलांना भुताची सांगावी तशी. एलिझाबेथ होम्सने २००३ मध्ये, एकोणिसाव्या वर्षी, शिक्षण अर्धवट सोडून कंपनी काढली. बोटातल्या थेंबभर रक्तावर ढीगभर तपासण्या करणारं यंत्र, हे स्वप्न. कंपनीचं मोल ९ अब्ज डॉलरवर गेलं. यंत्राला ते झेपलं नाही, म्हणून बहुतेक तपासण्या दुसऱ्या कंपन्यांच्या, बाजारात मिळणाऱ्या यंत्रांवर उरकल्या जात होत्या. २०१५ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने हे बाहेर काढलं आणि २०२२ मध्ये तिला ११ वर्षांहून जास्त कैद झाली. इथपर्यंत सगळे सांगतात. पुढचं मात्र गाळतात. ज्युरीने तिला दोषी धरलं ते गुंतवणूकदारांना फसवल्याबद्दल. रुग्णांना फसवल्याच्या आरोपांतून ती सुटली. कंपनीने आपल्या यंत्रावरचे दोन वर्षांचे निकाल २०१६ मध्ये स्वतःच रद्द केले होते, म्हणजे ते कागद घेऊन डॉक्टरकडे गेलेली माणसं होतीच. पण कोर्टात मोजला गेला तो पैसेवाल्यांचा पैसा.

तुझ्या धंद्यातला रुग्ण म्हणजे तो बागायतदार, जो तुझ्या ॲपच्या भरवशावर पेटीवर 'साका नाही' असं लिहिणार. ठाण्यातल्या बाईंनी सात आंबे कापले आणि तीन पांढरे निघाले, तर फोन तुला यायचा नाही, त्याला येईल. २०१८ मध्ये कोकणच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी दुसरीकडचा आंबा देवगडच्या नावाने खपतोच. तुमच्या तालुक्यातले लोक फळाफळावर कोडचं स्टिकर लावायच्या खटपटीत आहेत ते त्यामुळेच. गिऱ्हाइकाचा भरवसा आधीच तोळामासा, त्याला तुझ्या बटणाचा धक्का कशाला?

तुझ्या त्या '९० टक्के अचूक'ची मी थोडी चिरफाड करणार आहे, जुनी खोड आहे. समज, शंभर फळांत दहांना साका आहे. आता एक पोपट आण आणि त्याला 'साका नाही' एवढंच बोलायला शिकव. शंभर वेळा तो तेच बोलला, नव्वद वेळा बरोबर आला. नव्वद टक्के अचूक पोपट! आणि साक्याचं एकही फळ त्याने पकडलेलं नाही. म्हणून अचूकतेचा एकच आकडा कोणी तोंडावर फेकला की दोन प्रश्न विचारायचे. साका असलेल्या फळांपैकी किती पकडली? आणि चांगल्या फळांपैकी किती उगाच बाद केली? तुझ्या दहा आठवड्यांत हे कोणी विचारलं नसेल, तर फी परत मागायला हरकत नाही. (फुकट होतं म्हणतोस? मग राहू दे.)

पण माझी स्वतःची झोप उडवणारी गोष्ट थेरानोसची नाही. ती ब्रिटनमधल्या पोस्टमास्तरांची आहे, आणि मनीऑर्डरवर चुली पेटलेल्या आपल्या मुलखाला ती लवकर कळेल. तिथली गावोगावची पोस्टं बहुतेक छोटे दुकानदार करारावर चालवतात. एका बाजूला ब्रेड-दुधाचं दुकान, दुसऱ्या बाजूला पोस्टाची खिडकी. १९९९ पासून त्यांना 'होरायझन' नावाची संगणकप्रणाली दिली गेली. ती हिशेबात नसलेली तूट दाखवायची. करार असा की तूट आली तर ती मास्तरने भरायची. लोकांनी साठवलेले पैसे घातले, घरं गहाण टाकली. मदतीसाठी फोन केला तर कित्येकांना उत्तर मिळालं की अशी तक्रार फक्त तुमचीच आहे. जो तो आपल्या खिडकीमागे एकटा, आपल्याच बेरजा पुन्हा पुन्हा करत बसलेला. २०१५ पर्यंत ९०० हून जास्त जण चोरी, अफरातफर अशा गुन्ह्यांत दोषी ठरवले गेले. काही तुरुंगात गेले, काहींनी जीव दिला. २०१९ मध्ये तिथल्या हायकोर्टाने प्रणालीत दोष होते हे मान्य केलं, आणि २०२४ मध्ये पार्लमेंटला खास कायदा करून शेकडो शिक्षा एकगठ्ठा रद्द कराव्या लागल्या. गाव मात्र पंधरा-वीस वर्षं त्या माणसांकडे चोर म्हणून बघत राहिलं.

यात माझाही वाटा आहे. ब्रिटनमधला नव्हे, इथला, लहानसा. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आम्ही औषधांच्या गोदामांसाठी साठ्याचं सॉफ्टवेअर करत होतो. एका विशिष्ट मशीनवर दिवस आणि महिना उलटे व्हायचे, ५ ऑगस्टचा ८ मे व्हायचा, आणि मुदत संपली म्हणून चांगला माल साठ्यातून वजा पडायचा. मी ते पकडलं होतं. साहेब म्हणाले, क्वचित होतं, 'ज्ञात त्रुटी'च्या यादीत टाक, पुढच्या आवृत्तीत बघू. यादी माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानांत होती. मी सही केली. आठ महिन्यांनी त्या गोदामात गेले तेव्हा कळलं की साठा जुळत नाही म्हणून स्टोअरकीपरच्या पगारातून दर महिन्याला पैसे कापले जात होते. वयस्कर गृहस्थ होते. मला म्हणाले, "मॅडम, मशीन कशाला खोटं बोलेल?" पैसे पुढे परत मिळाले त्यांना, पण त्यांच्या सुनेलाही तोपर्यंत संशय येऊ लागला होता. आमच्यापैकी कोणी वाईट नव्हतं रे. शुक्रवार होता आणि रिलीज द्यायचं होतं, एवढंच.

म्हणून तुझं बटण मला गमतीचं वाटत नाही. तुझ्या मित्राने रात्री अकराला झोपेच्या तारेत टाइप केलेला 'नाही' सकाळी वाशीच्या पेटीवर यंत्राचा निकाल म्हणून उभा राहतो. माणसाच्या अंदाजाशी भांडता येतं. यंत्राच्या निकालाशी भांडायला गेलेला बागायतदार अडाणी ठरतो.

एक माणूस तुझ्या पत्रात दोन ओळींत येऊन जातो, तो मित्र. त्याला विचारलंस का कधी, कसं वाटतं ते? पत्र त्याने लिहिलं असतं तर मला आवडलं असतं. बाबांच्या प्रश्नाने तुझी झोप गेली. त्याची कदाचित पहिल्या रात्रीच गेली असेल आणि तू उत्साहात आहेस म्हणून तो बोलला नसेल. आज संध्याकाळी त्याच्याबरोबर बंदरावर जाऊन बस. लॅपटॉप घरी ठेव.

भिडस्तपणाचं विचारलंस. मेंटरनी 'साका दाखवा' म्हटल्यावर 'कॅमेऱ्याला तो दिसत नाही' हे तोंडावर आलेलं वाक्य तू गिळलंस ना? भिडस्तपणा तो. आता पत्र लिहिलंस ती त्याची उलट बाजू. आणि 'धडाधड पुढे जा, मोडलं तर मोडू दे' हे फेसबुकचं जुनं घोषवाक्य तिथे भिंतीवर असेलच, त्याचं दडपण घेऊ नकोस. त्यांनी स्वतःच ते २०१४ मध्ये बदललं.

प्रशिक्षण वाया गेलं असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याच्यासाठी करताय त्याच्या दारात जाऊन बसा, एका पेटीमागे खर्च किती आणि हातात किती उरतात ते रोज लिहा, लोकांना हवं ते बनवा: हे धडे अमेरिकेतल्या वाय कॉम्बिनेटरसारख्या, स्टार्टअप घडवणाऱ्या ठिकाणी २००५ पासून देत आलेत आणि ते चांगले आहेत. तू त्यातला पहिलाच धडा मोडलास, कारण बागायतदाराला काय हवं हे तू मेंटरला विचारलंस.

तर मे महिन्यापर्यंत काय करशील ते सांगते. साक्याचं बटण आजच काढ. त्या ४३ जणांना स्वतः फोन कर, मेसेज नको, आणि आतापर्यंतच्या साक्याच्या उत्तरांमागे काय होतं ते सांग. चार-पाच जण शिव्या देतील, त्या ऐकून घे. '१,२००' खोड. तो आकडा कसा आला ते तू लिहिलं नाहीस, पण व्हॉट्सॲप ग्रुपातले सगळे नंबर मोजले असणार, त्यात मुंबईचे चाकरमानीही आलेच. '४३ बागायतदार हंगामभर वापरतात' हे वाक्य त्याच्यापेक्षा कितीतरी वजनदार आहे. पैसे घालणारा शहाणा असेल तर त्या त्रेचाळिसांपैकी तिघांना तो स्वतः फोन करेल, आणि तेव्हा तुला घाम फुटणार नाही.

मेंटरना हे ईमेलवर कळव, फोनवर नको. चार ओळी पुरेत: बटण काढलंय, आकडे दुरुस्त केलेत, डेमो यावरच देणार. 'मग येऊच नका' असं उत्तर आलं तर ते लेखी तुझ्याजवळ राहील आणि जायचं की नाही हा प्रश्नही मिटेल.

ॲप सुरू करताना कॉन्टॅक्ट्सची परवानगी मागता का रे? मागत असाल तर तीही काढा. प्रतवारीला कोणाच्या मावशीचा नंबर लागत नाही. झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवाल्यांनी याच यादीवरून लोकांच्या नातलगांना फोन करून अब्रू काढली, शेवटी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेला कर्जाच्या ॲपना फोनमधल्या कॉन्टॅक्ट्सपासून लांब ठेवणारे नियम करावे लागले. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदाही सांगतो की ज्या कामासाठी माहिती मागता त्याला लागेल तेवढीच घ्या.

आणि साक्याचं वेड सुटतच नसेल, तर सरळ मार्गाने धर. हंगाम तोंडावर आहे. पाच बागांतून शंभर-शंभर फळं घे, प्रत्येकावर नंबर घाल. कुठल्या बागेतलं, कधी उतरवलं, किती आणे तयार, वजन किती, झाडाखाली आच्छादन होतं की नाही, हे कापायच्या आधी वहीत लिही. तुझं ॲप काय म्हणतं तेही आधीच लिही, शाईने. मग काप आणि मोज. यातून फोटोतला साका दिसणार नाही, पण कुठल्या बागेत, कुठल्या तोडणीला तो जास्त निघतो हे कळेल, आणि बागायतदाराला 'ही बाग चार दिवस आधी उतरव' असं सांगता आलं तर तेही त्याच्या पैशाचंच आहे. तुमच्याच तालुक्यात गिर्ये-रामेश्वरला कृषी विद्यापीठाचं आंबा संशोधन उपकेंद्र आहे. वही घेऊन तिथे जा, तिथली माणसं साक्याशी तुझ्यापेक्षा आधीपासून झगडतायत. डाग आणि प्रतवारीचं काम तर चालू आहेच. त्याला कोट्यवधी रुपये कदाचित मिळायचे नाहीत. तालुक्यातल्या एखाद्या उत्पादक संस्थेची वार्षिक वर्गणी मिळेल आणि तुम्हा दोघांचं घर चालेल. ते कमी वाटतं की पुरेसं, हे तू आणि तुझा मित्र ठरवा. ते मी ठरवणार नाही.

पाचशे फळं कापायची म्हटल्यावर आई ओरडेल, तेव्हा तिला आधी सांगून ठेव. साका निघालेलं फळ टाकू नका. पांढरा भाग काढला की उरलेल्या रसाचं साठ, म्हणजे आंबापोळी, चांगलं होतं, फक्त साखर जरा सढळ हाताने घालावी लागते. एक ताट माझ्याकडे वेंगुर्ल्याला पाठव, आणि त्याच्याबरोबर त्या वहीच्या पानांची झेरॉक्स.